हिरवा दगड आणि तांबडा दगड

गेल्या श्रावणांत टपालानें आमच्याकडे एक जड पुडकें आलें. राधानगरीकडील एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील कर्त्या पुरुषानें तें पाठविलें होतें. आंत फडक्यांत गुंडाळलेला मोठ्या लिंबाएवढा काळा दगड होता. त्याच्या अंगावर लहानमोठीं छिद्रें असून प्रत्येक छिद्राला आंतून हिरवेंगार अस्तर होतें. सोबत चार पानांचें पत्र. सुटींत घरीं आलेल्या नातवानें हा दगड ओढ्याच्या काठीं उचलला होता. देव्हाऱ्यांतील ताम्हन चार दिवस चिंचेनें घांसलें नाहीं तर त्यावर जसा हिरवट कळंक चढतो, तसाच हा रंग दिसल्यामुळें घरांत एकमतानें ठरलें कीं, दगडांत तांबें आहे.

येथपर्यंत पत्र वाचून आम्हांला मौज वाटली. परंतु तिसऱ्या पानावर मजकूर गंभीर झाला. ह्या कुटुंबाची गांवावरील सड्यावर अकरा एकर जमीन आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर ती ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस निरुपयोगी, अशी लागलेली. तीन पिढ्यांत तिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नाहीं. आणि आतां एक परगांवचे गृहस्थ दोन वेळां येऊन ती विकत मागून गेले आहेत. “वडील बंधूंचें म्हणणें, तांबें असेल तर विकूं नये. धाकटे म्हणतात, दगडाला गिऱ्हाईक आलें आहे तें दारांतून परत पाठवूं नये. आईचें म्हणणें तिसरेंच आहे. दगड पाहून आपलें मत कळवावें.” ज्या घरांत चुलीवरून कधीं वाद झाला नाहीं, तेथें ह्या हिरव्या डागानें दोन पंगती पडल्या होत्या. म्हणून ह्या वेळचें सदर आम्हीं त्या पुडक्यास द्यावयाचें ठरविलें.

प्रथम तांब्याचा निकाल लावूं. तांब्याचा धातुक दगड उघडा पडला म्हणजे पाऊस व हवा यांच्या योगानें त्यावर मॅलेकाइट नांवाचें हिरवें खनिज धरतें, आणि पूर्वीच्या खाणवाल्यांना हाच डाग वाट दाखवीत असे. राजस्थानांत खेतडीस व झारखंडांत सिंगभूमकडे प्राचीन तांब्याच्या खाणींच्या खुणा आजहि दिसतात. परंतु प्रत्येक हिरवा डाग मॅलेकाइटचा नसतो. याची परीक्षा घरींहि करतां येते. मुलांना दाखवावयाची असल्यास वडील माणसानें जवळ बसावें आणि स्वयंपाकाचें भांडें त्यास वापरूं नये. हिरवें अस्तर सुरीनें खरवडून त्याची चिमूटभर पूड काचेच्या पेल्यांत घ्यावी व वर तीव्र शिर्का ओतावा. मॅलेकाइट असेल तर बारीक बुडबुडे येतात, शिर्का हळूहळू निळसर-हिरवा होतो, आणि घांसून लखलखीत केलेला लोखंडी खिळा त्यांत बुडविला तर त्यावर तांब्याचा मुलामा चढतो. आम्हीं तासभर वाट पाहिली. बुडबुडे आले नाहींत, शिर्क्याचा रंग पालटला नाहीं, आणि खिळा जरासा काळवंडून बाहेर आला. आमच्या घरांतील मुलांची यामुळें मोठी निराशा झाली.

तें अस्तर सेलॅडोनाइट नांवाच्या खनिजाचें होतें. लोह, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि सिलिका यांचें हें खनिज दक्षिणेंतील काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून पुष्कळ आढळतें. त्यांत तांब्याचा अंश शोधणें व्यर्थ. परंतु त्यास निरुपयोगीहि म्हणवत नाहीं. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रकारांनीं जो हिरवा रंग वापरला तो ह्याच जातीच्या मातीचा, असें रसायनज्ञांनीं दाखविलें आहे.

मग कोल्हापूरच्या भूमींत तांबें मुळींच नाहीं काय? आहे, पण तें सर्वत्र सारखें विखुरलेलें आहे, आणि अडचण तीच आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून लाव्ह्याचे लोटावर लोट निघून त्यांचे जे थर बसले, तो हा आपला काळा दगड, भूशास्त्रज्ञांचा बेसॉल्ट. त्याच्या एका टनांत शंभर-दोनशे ग्रॅम तांबें असतें. मध्यप्रदेशांत बालाघाट जिल्ह्यांत मलांजखंड येथें जी मोठी खाण आहे, तेथील धातुकांत टनामागें सुमारें दहा किलो निघतें. तेथील खडक अडीचशे कोटि वर्षांच्या जुन्या ग्रॅनाइटाच्या जातीचा. सरकारी भूवैज्ञानिकांनीं १९६९ पासून तेथें पद्धतशीर शोध केला, १९७३ मध्यें ती जागा हिंदुस्थान कॉपरकडे गेली व १९८२ मध्यें खाण सुरू झाली. महाराष्ट्रांत तांब्याचा ठाव लागला आहे तोहि विदर्भांतील अशाच पुरातन खडकांत. चंद्रपूर जिल्ह्यांतील ठाणेवासना हें गांव त्याविषयीं प्रसिद्ध आहे. लाव्ह्याच्या थरांत तांबें कधींच सांपडत नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. अमेरिकेंत सुपीरियर सरोवराच्या कांठीं एकशें दहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्यांत शुद्ध तांब्याचे गोळेच्या गोळे निघाले. कारण तेथें खोल जमिनींतील ऊन पाण्यानें आसपासच्या खडकांतील तांबें गोळा करून एका जागीं आणून ठेविलें. आपल्या सह्याद्रींत असें गोळा करणारें कोणी भेटलें नाहीं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४ ते १९४६ च्या सुमारास पोसायडन या समुद्रदेवतेची जी सुरेख कांस्यमूर्ति निघाली, ती रोमन व्यापाराच्या वाटेनें आलेली आहे; येथल्या खाणींतली नव्हे.

एवढें लिहून आम्ही पत्र बंद करणार होतों. परंतु पुडक्यांत आणखी कांहीं होतें. हिरवा दगड वाटेंत हलूं नये म्हणून पाठविणारांनीं त्याच्या दोन्ही बाजूंस तांबूस-राखी रंगाचे दोन दगड पाचरीसारखे खुपसले होते. पत्रांत त्यांचा उल्लेखहि नव्हता. आमच्या घरीं ते दोन दिवस दार उघडें ठेवण्याच्या कामीं लागले. तिसऱ्या दिवशीं, महाविद्यालयांत भूशास्त्र शिकविणारे आमचे एक स्नेही चहास आले, त्यांनीं हिरवा दगड हातांत घेऊन लगेच खालीं ठेविला, आणि दाराशीं वांकून तांबडा उचलला. त्यांत मटाराएवढाले वाटोळे दाणे जडविल्यासारखे दिसत होते. त्यांनीं तो वजनाला पाहिला, फोडलेली ताजी बाजू जिभेस लावली (ती जिभेला चिकटते), त्यावर तोंडाची वाफ सोडून वास घेतला. नंतर त्याची पूड सुक्या परीक्षानळींत घालून दिव्यावर तापविली, तों नळीच्या गार भागीं पाण्याचे थेंब जमले. कोरड्या दगडांतून पाणी निघालेलें पाहून आमच्या मातोश्रींनीं तो पुन्हा तापवावयास लावला.

तो दगड बॉक्साइट होता, म्हणजे अॅल्युमिनिअमचा धातुक. त्यांतील मुख्य खनिज गिब्साइट; ह्या खनिजाच्या वजनाचा तिसरा हिस्सा पाणीच असतें. पोटखराब्याची जमीन विकत मागणारे गृहस्थ हिरव्या दगडासाठीं आले नव्हते हें आतां उघड झालें.

हा दगड तयार कसा होतो, तें समजून घेण्यासारखें आहे. वर सांगितलेल्या काळ्या दगडांत निम्मी सिलिका असते, अॅल्युमिना शेंकडा चौदाच्या आसपास आणि तितकेंच लोहाचें भस्म. बाकी चुना, मॅग्नेशिया वगैरे. ऊन आणि पाऊस यांचा मारा सपाट माथ्यावर लाखों वर्षें होत राहिला कीं विरघळणारीं द्रव्यें हळूहळू वाहून जातात. आधीं चुना व सोडा जातात, मागाहून सिलिकाहि जाते. मागें राहतात तीं दोनच हट्टी द्रव्यें, लोह आणि अॅल्युमिना. हीं दोन्ही मिसळून राहिलीं म्हणजे आपला जांभा दगड होतो. कांहीं जागीं मात्र पाण्याच्या येण्याजाण्यानें लोहहि बाजूला सारलें जातें व अॅल्युमिना एकटी सांचते. जांभ्याच्या टोपीखालीं असे बॉक्साइटचे खिसे असतात, कोठें हातभर, कोठें दोन पुरुष जाड. आणि त्यांच्याखालीं पांढरट-जांभळट, शाडूसारखी चिकट माती, जिच्याखालीं मूळचा काळा दगड. कारखान्यास चालेल अशा बॉक्साइटांत अॅल्युमिना चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर लागते आणि सिलिका फारच थोडी. निम्मी सिलिका असलेला दगड निसर्गानें धुऊन धुऊन इतका स्वच्छ केला, तो गगनबावड्याला वर्षास दोनशें इंचांच्या आसपास पडणाऱ्या पावसासारख्या पावसानें. कोल्हापूर जिल्ह्यांत राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, चंदगड ह्या पश्चिमेकडील तालुक्यांतील उंच सडेच बॉक्साइटाचीं घरें कां, याचें उत्तर ह्यांतच आहे. पूर्वेकडे इचलकरंजीच्या काळ्या मातींत तें शोधावयास कोणी जात नाहीं.

ह्या तांबड्या दगडाकडे निरनिराळ्या काळच्या माणसांनीं कोणत्या दृष्टीनें पाहिलें, तो इतिहास आम्हांला स्वतःला फार मनोरंजक वाटतो. डॉक्टर फ्रान्सिस बुकानन यांनीं सन १८०० मध्यें मलबारांत अंगाडिपुरम् येथें लोक हा दगड कुऱ्हाडीनें कापून विटा पाडतांना पाहिले, आणि १८०७ मध्यें आपल्या ग्रंथांत, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, त्यास लॅटेराइट हें नांव दिलें. त्यांच्या दृष्टीनें ती बांधकामाची वस्तु होती, आणि कोंकणांतल्या कोणत्याहि घराच्या जोत्याकडे पाहिलें तर तींत वावगें कांहीं नाहीं.

येथल्या जुन्या लोकांना त्यांत लोखंड दिसत असे. कोल्हापूर संस्थानांत विशाळगड, पन्हाळा व भुदरगड ह्या भागांतून लोहधातुक काढून तें गाळण्याचा धंदा पूर्वीं चांगला चालत असे, असें इंग्रजी अमदानींतील गॅझेटियर सांगतें. सह्याद्रीच्या रानांत हें काम करणाऱ्यांना धावड म्हणत. पुढें जळणास लागणारा कोळसा व मजुरी महाग झाली, विलायतेहून लोखंड स्वस्त येऊं लागलें, आणि भट्ट्या विझल्या. गॅझेटियरांतील तीं दोन-तीन वाक्यें वाचतांना कांहींच वाटत नाहीं. परंतु त्यांत एका जातीचा सबंध पोटधंदा बुडाला आहे.

यानंतर रॉबर्ट ब्रूस फूट यांचें नांव येतें. दक्षिण हिंदुस्थानांतील अश्मयुगीन हत्यारें प्रथम उजेडांत आणणारे तेच हे. त्यांनीं बेळगांव-कोल्हापूरचा मुलूख पायाखालीं घालून १८७६ मध्यें दक्षिण महाराष्ट्राच्या भूरचनेवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. जांभ्याच्या टोप्यांविषयीं त्यांनीं तपशिलानें लिहिलें. पण नांव दिलें तें ‘लोहमृत्तिका’ ह्या अर्थाचें. फूटसाहेबांसारख्या तीक्ष्ण नजरेच्या माणसाला बॉक्साइट कां दिसूं नये? आमच्या मतें दोष नजरेचा नव्हे. बॉक्साइट हें नांव फ्रान्सांतील ले बो गांवावरून आलेलें. तेथें १८२१ मध्यें बेर्तिए यांनीं तो दगड ओळखला होता खरा. परंतु त्यांतून धातु काढणें इतकें महाग होतें कीं, अॅल्युमिनिअम ही जडजवाहिरांच्या पंक्तीला बसणारी वस्तु होती. १८८४ मध्यें वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोंकावर अॅल्युमिनिअमचा लहानसा पिरॅमिड मानाचा म्हणून बसविण्यांत आला. दोनच वर्षांनीं, १८८६ मध्यें, अमेरिकेंत हॉल व फ्रान्सांत एरू ह्या दोघां तरुणांनीं एकमेकांस नकळत विजेच्या साहाय्यानें हा धातु स्वस्तांत काढण्याची एकच युक्ति शोधली. योग असा कीं, दोघेहि १८६३ सालीं जन्मले आणि १९१४ सालीं वारले. पाठोपाठ बायर यांनीं दाहक सोड्याच्या योगें बॉक्साइटांतून शुद्ध अॅल्युमिना वेगळी करण्याची रीत दिली. त्यानंतर मग दगडाकडे पाहण्याची दृष्टि फिरली. १९०३ मध्यें हॉलंड यांनीं हिंदुस्थानांतील जांभा व बॉक्साइट हीं भावंडें आहेत असें प्रतिपादिलें, आणि १९२३ मध्यें फॉक्स यांनीं देशांतील बॉक्साइट व अॅल्युमिनायुक्त जांभा यांवर मोठा ग्रंथ लिहिला.

आश्चर्य हें कीं, भांडें आधीं आलें आणि दगड मागून ओळखला. मद्रासच्या कलाशाळेंत चॅटर्टन यांनीं १८९८ मध्यें अॅल्युमिनिअमचीं भांडीं घडविण्यास आरंभ केला, तो आयात पत्र्यावर. आमच्या लहानपणीं घरांत पहिलें पातेलें आलें तेव्हां आजीनें तें सोवळ्यांत घेतलें नाहीं. तांब्या-पितळेला जें कुळ आहे तें ह्या पांढऱ्या धातूला नाहीं असें तिचें मत. तें पातेलें चहाला लागलें आणि हळूहळू सबंध फडताळ त्याच्या गोतावळ्यानें भरलें. देशांत धातु गाळण्याचें काम केरळांत अलुपुरम् येथें १९४३ मध्यें सुरू झालें, तेंहि प्रथम बाहेरून आणलेल्या अॅल्युमिनावर. कोल्हापूरच्या सड्यांना खरें महत्त्व आलें तें पुढें, बेळगांवास इंडियन अॅल्युमिनिअम कंपनीचा कारखाना १९७० च्या सुमारास उभा राहिला तेव्हां. ही कंपनी पुढें हिंडाल्कोंत विलीन झाली. राधानगरी तालुक्यांतील दुर्गमानवाड, शाहूवाडींतील धनगरवाडी अशीं नांवें, जीं पूर्वीं तलाठ्याशिवाय कोणास ठाऊक नव्हतीं, तीं खाणींच्या यादींत आलीं. हिशेब साधारण असा बसतो: चार टन बॉक्साइटांतून दोन टन अॅल्युमिना, तिच्यांतून एक टन धातु, आणि त्या एका टनाला चौदा-पंधरा हजार युनिट वीज. शिवाय सोड्यानें भिजलेला तांबडा चिखल मागें उरतो, त्याचें काय करावें ही जगांतल्या प्रत्येक कारखान्याची डोकेदुखी आहे.

आतां आमच्या पत्रलेखकांकडे वळूं. केवळ पुस्तकें पाहून उत्तर लिहिणें बरें दिसेना, म्हणून आश्विनांत त्या स्नेह्यांसह आम्ही राधानगरीस गेलों. शाहू महाराजांनीं ह्या शतकापूर्वींच्या शतकाच्या आरंभीं भोगावतीवर बांधावयास घेतलेलें तें धरण पाहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या कुटुंबाच्या थोरल्या चिरंजिवांबरोबर सड्यावर चढलों. खालून पाहतां वरती कांहीं असेल असें वाटत नाहीं. वर मैलभर सपाट, खडबडीत, तांबडा-काळा कातळ. झाड म्हणून नाहीं. परंतु कातळाच्या प्रत्येक खळग्यांत पाऊस ओसरल्यावरची बोटभर ओल होती, आणि तींत गेंदाचीं पांढरीं बोंडें व सीतेच्या आसवांचीं निळीं फुलें अजून शिल्लक होतीं. ही सीतेचीं आसवें दिसावयास नाजूक, पण मुळाशीं बारीक पिशव्या असतात व त्यांत किडे पकडून तीं आपली उपजीविका करतात. कातळावर नायट्रोजनाचें दारिद्र्य इतकें कीं, फुलांनाहि मांसाहार पत्करावा लागला. पोटखराब्याचा शेरा मारणाऱ्या अव्वल कारकुनानें श्रावणांत येथें पाऊल ठेविलें नसावें.

सड्याच्या कडेनें पंधरा-वीस हात खालीं उतरलों तों जांभा संपून ती चिकट माती लागते त्या सांध्यावरच झरा होता. जांभा हा स्पंजासारखा. त्यांतील नळ्यांतून पावसाचें पाणी खालीं उतरतें, मातीशीं अडतें आणि कडेनें पाझरतें. गांवाचें पाणी ह्या झऱ्याचें. माघ-फाल्गुनांतहि धार बारीक होते, पण तुटत नाहीं, असें बरोबरचे म्हणाले. पत्रांत “आईचें म्हणणें तिसरेंच आहे” असें जें मोघम लिहिलें होतें, तें हेंच निघालें. त्या माउलीचें म्हणणें एवढेंच कीं, वर खणलें तर झऱ्याचें काय होईल तें आधीं कोणी सांगावें. दोन्ही मुलगे वर काय आहे याचा विचार करीत होते. ती खालीं काय येतें तें विचारीत होती.

परततांना खाण संपलेला एक सडा पाहिला. त्याचें नांव येथें नको. वरची कठीण टोपी आणि तिच्याखालील बॉक्साइट दोन्ही गेल्यावर उरते ती चिकट माती. खड्डे नियमाप्रमाणें बुजवून वर झाडें लाविलीं होतीं. ऑस्ट्रेलियन बाभूळ दाट वाढली होती, आणि फलकावर वनीकरणाचे आंकडे होते. लांबून तें हिरवें दिसतें. परंतु ज्या कातळावर मुळांत झाड नव्हतें तेथें झाड लावून झालेली भरपाई ही, गाय नेऊन घोडा बांधण्यासारखी आहे. स्पंज गेला तो गेला. त्यावर पडलेलें पाणी आतां मातीवरून वाहून जातें. आमच्या स्नेह्यांनीं, ते स्वतः ह्याच शास्त्राचे असूनहि, ही गोष्ट आडपडदा न ठेवतां सांगितली.

दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ज्या गांवांत खाण चालली तेथें रस्ता झाला, ट्रकवाल्यांना धंदा मिळाला, मुंबईस गेलेलीं कांहीं मुलें घरीं परतलीं. आम्ही स्वतः अॅल्युमिनिअमच्या कुकरांत भात शिजवितों, आणि आमच्या डोक्यावरून विजेच्या ज्या तारा जातात त्याहि ह्याच धातूच्या. तेव्हां बॉक्साइट कोणीं कोठेंहि खणूंच नये असें म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाहीं. परंतु राधानगरीचे सडे इतरांसारखे नव्हेत. दाजीपूरचें रान १९५८ मध्यें अभयारण्य झालें, तें महाराष्ट्रांतील पहिलें. कास, कोयना व चांदोली यांच्याबरोबर राधानगरीचें अभयारण्यहि २०१२ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत गेलें. माधव गाडगीळ यांच्या समितीनें २०११ मध्यें आणि कस्तुरीरंगन यांच्या समितीनें २०१३ मध्यें पश्चिम घाटांतील संवेदनशील भागाविषयीं अहवाल दिले; दोहोंचा घाटांतील खाणींकडे पाहण्याचा कल एकच आहे, अंतर आहे तें क्षेत्र किती धरावें यांत.

म्हणून त्या कुटुंबास आम्हीं जें लिहिलें तें, तशाच अडचणींत असलेल्या इतर वाचकांच्या उपयोगासाठीं, थोडक्यांत देतों. तांबें नाहीं, हिरवा दगड नातवाच्या टेबलावर ठेवावा. तांबडा दगड बॉक्साइट आहे, परंतु दोन तुकड्यांवरून खाण ठरत नाहीं. अॅल्युमिना व सिलिका यांचें प्रमाण रासायनिक पृथक्करणाशिवाय कळत नाहीं आणि खिसा केवढा आहे तें भोकें पाडल्यावांचून कळत नाहीं. जमीन मागणाऱ्या गृहस्थांचा आविर्भाव कसाहि असो, जमीन विकत घेतल्यानें खाणीचा पट्टा मिळत नाहीं. खाणी व खनिजें यांविषयींचा कायदा १९५७ चा. त्यांतील २०१५ च्या दुरुस्तीपासून बॉक्साइटासारख्या खनिजांचे पट्टे सरकार लिलावानें देतें. पट्टा दुसऱ्या कोणास मिळाला तरी जमिनीच्या मालकास भरपाई द्यावी लागते. म्हणजे घाईनें विकण्यांत मालकाचा लाभ नाहीं; घाई घेणाऱ्यालाच आहे. चौथी गोष्ट, सर्व भावांनीं एकत्र बसून मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तर आधीं शोधावें. त्यासाठीं ह्या माघापासून दर पंधरवड्यास झऱ्याखालीं एकच घागर लावून ती भरावयास किती वेळ लागतो तें वहींत लिहून ठेवावें. पुढें जर कधीं सुनावणी झाली, तर अशी दोन-तीन वर्षांची वही चार वकिलांच्या भाषणांपेक्षां अधिक उपयोगी पडेल.

कार्तिकांत त्यांचें उत्तर आलें. ते गृहस्थ तिसऱ्यांदा येऊन गेले व त्यांना चहा देऊन वाटेस लाविलें, असें थोरल्यांनीं लिहिलें आहे. धाकट्यांचें समाधान झालेलें नाहीं. त्यांनीं त्याच पत्रांत खालीं चार ओळी स्वतंत्र लिहिल्या आहेत. मुलांच्या शिक्षणाचा खर्च आम्हीं झऱ्यांतून काढावा काय, असा त्यांचा प्रश्न आहे. आम्हांला तो खोटा म्हणतां येत नाहीं आणि त्याचें उत्तरहि आमच्याजवळ नाहीं. घागरीची वही मात्र नातवानें आपल्याकडे घेतली आहे. त्यानें पत्रासोबत आणखी एक दगड पाठविला आहे. ह्याच्या पोकळीत कापसाच्या बोंडासारखे शुभ्र, सुईसारखे स्फटिक आहेत. ते झिओलाइट वर्गांतले दिसतात. त्यांविषयीं पुढील अंकीं.